चिल्लर प्रार्थना

मामाजी, तुमच्या दुकानाच्या जागी आता सायकली दुरुस्त होतात. मागच्या महिन्यात मलकापूरला उतरलो तेव्हा मुद्दाम स्टेशनरोडने गेलो. तिथे अजून हिंगाचा न् गुळाचा वास दरवळतो, असं लिहायला मला फार आवडलं असतं, पण दरवळत नाही. रबराचा येतो. खोटं लिहून तुमच्यापुढे यायची माझी छाती नाही, तुम्ही जिवंत होतात तेव्हाही नव्हती. लढाई सुरू झाल्यापासून घासलेट मिळेनासं झालंय, तेव्हा हे पत्र उजेड आहे तोवर, शाळा सुटल्यावर, हेडमास्तरांच्या खुर्चीत बसून लिहितो आहे. हो, हेडमास्तर. चिखलीच्या मिशनशाळेचा. शिवाय नागपूरच्या एका वर्तमानपत्रात दर आठवड्याला लोकांची बिनपाण्याने हजामत करतो. तुम्ही गेलात तेव्हा यातलं काहीच नव्हतं, म्हणून आधी सांगून टाकलं. पत्राचं कारण वेगळं आहे. इथल्या मंडळीने माझी जोडी लावली आहे, आणि या वेळी जुना बैल मी आहे.

जोडी हा शब्द मिशनच्या कुठल्याही पुस्तकात नव्हता. मलकापूरच्या मिशनच्या गोऱ्या साहेबाने पुरुषमंडळासाठी काढलेल्या योजनेचं नाव 'आत्मिक मार्गदर्शनाची व्यवस्था' असं होतं, आणि ते उच्चारून होईपर्यंत माणसाला मार्गदर्शनाची गरज लागत असे. एकेका तरुणाने एकेका वयस्क माणसाकडे आठवड्यातून एकदा जायचं, शास्त्र वाचायचं, मनातलं बोलायचं, दोघांनी मिळून प्रार्थना करायची. आपल्या लोकांनी सगळं नीट ऐकून घेतलं, माना डोलावल्या आणि मिशनच्या देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्याचं नाव जोडी करून टाकलं. नव्या गोऱ्ह्याला वखर शिकवायचा तर त्याला जुन्या बैलाशेजारी जुंपतात, तसं. "तुही जोडी कोणासंग लागली बे?" असं पोरं एकमेकांना विचारायची. तक्रारीही त्याच भाषेत व्हायच्या. "माहा बैल तं चालता चालता झोपते."

मी तेव्हा अमरावतीहून मास्तरकी शिकून नुकताच मलकापूरच्या मिशनशाळेत लागलो होतो आणि येताना दोन गोष्टी घेऊन आलो होतो, एक कोट आणि एक ळ. कोट वऱ्हाडच्या उन्हाळ्यात बिनकामाचा. ळ मात्र बारमाही. आपल्याकडे डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया म्हणतात, मंडळीची मंडयी होते. अमरावतीला एका पुणेरी मास्तराने माझ्या तोंडातला तो य उपटून त्या जागी ळ लावला होता, आणि तेव्हापासून मी सगळ्या वऱ्हाडाला कानाने तपासत हिंडत असे. साहेबाचं दुखणं निराळं. त्याच्या ळचा ल व्हायचा. आता नशीब बघा, त्याच्या हुद्द्याचाच शब्द पाळक. कळप राखतो, चारतो, तो पाळक. साहेब दर रविवारी दोन्ही हात पसरून सांगायचा, "मी तुमचा पालक आहे," आणि मागच्या बाकांवर आम्ही ती भाजी निवडत बसायचो.

मग कापणीचा सण आला. लोकांनी ज्वारीची कणसं, कापूस, भोपळे, कोंबड्या असं जे घरात होतं ते आणून देवापुढे ठेवलं, आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव सुरू झाला. पुकारा करायला मी, कारण आवाज मोठा. पिंपळगाव राजाहून आलेल्या एका म्हातारीने पालकाची टपोरी जुडी आणली होती. ती जुडी माझ्या हातात येते आहे, मंडळी समोर बसली आहे, साहेब पहिल्या रांगेत आहे, आणि अशा वेळी कुठल्या संताने स्वतःला आवरलं असतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी जुडी उंच धरली. हात पसरले. मान साहेबासारखी किंचित डावीकडे कलती केली आणि त्याच्याच आवाजात म्हणालो, "प्रिय बंधुजनहो, मी तुमचा पालक आहे!" अंगण फुटलं. बायांनी तोंडात पदर कोंबले. साहेबही हसला, सगळे हसतात म्हणून. मग त्याने शेजारच्या गृहस्थांना विचारलं की एवढं हसायला काय झालं, आणि त्या भल्या माणसाने त्याला ते समजावून सांगितलं, भाजीकडे बोट दाखवून. साहेबाचे कान लाल होताना मी पाहिले. जुडी मात्र चांगल्या भावाला गेली.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना आपल्यात वडील म्हणतात, त्यामुळे माझ्यावर एकाच संध्याकाळी अर्धा डझन बाप रागावले. ठराव असा झाला की ईस्टरच्या आत मी सगळ्या मंडळीपुढे उभं राहून माफी मागावी, नाहीतर प्रभुभोजनाला बसू नये. आणि ज्याला प्रभूच्या मेजावर जागा नाही त्याला मिशनच्या शाळेत खुर्ची कशी राहणार, हे त्यांनी ठरावात लिहिलं नाही, पण मला वाचता येत होतं. मी म्हणालो, माफी मागणार नाही. मी खोटं काहीच बोललो नाही, साहेब दर रविवारी हेच म्हणतात. मनात नागपूरची गाडी धरली होती. नोकरी गेली असती, मंडळी गेली असती आणि मी जन्मभर तिच्यावर विनोदी लिहीत बसलो असतो. तेव्हा तुम्ही उठलात. तुम्हीही त्या वडिलांतले एक, किराण्याचे दुकानदार, आवाजाने भसाडे, मिशन तंबाखूच्या विरुद्ध असताना कोटाच्या खिशात तपकिरीची डबी बाळगणारे. तुम्ही म्हणालात, "याले माह्या जोडीले द्या. ईस्टरपर्यंत पाहू. सुधरला तं तुमचा, नाई तं माहा."

खजिनदार म्हणाले, "मामाजी, हा तुमालेबी विकून खाईन."

"विकू द्या. माह्या दुकानात न खपलेला लय माल पडला हाये."

पहिला सोमवार मला स्वच्छ आठवतो. रस्त्यावर जिनच्या कारखान्याकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग, हवेत कापसाचे पुंजके उडताहेत, आणि तुम्ही दुकानाच्या फळ्या अर्ध्याच काढून मला आत पोत्यांच्या मधे बसवता आहात. शास्त्र वाचून झालं. तुम्ही म्हणालात, कर प्रार्थना. मी कोट सारखा केला, घसा साफ केला आणि अमरावतीचं सगळं मराठी बाहेर काढलं. "हे कृपाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या समस्त मंडळीवर, तिच्या सर्व सेवकांवर आणि अखिल मानवजातीवर तू आपल्या अगाध कृपेचा..."

"थांब बे."

प्रार्थना करणाऱ्या माणसाला कुणी मधेच थांबवतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मी डोळे उघडले. तुम्ही तपकिरीची चिमूट नाकाशी धरून माझ्याकडे बघत होतात.

"बाहेर पाटी काय हाये? वाचली काय?"

"किराणा माल चिल्लर (किरकोळ) भावाने मिळेल."

"मंग? अथी ठोक भेटत नाई. अखिल मानवजात अन् अगाध कृपा, एवढा माल देवानं उतरवाचा कुठी? चिल्लर कर. एक माणूस घे."

मी एक माणूस घेतला. म्हणालो, प्रभो, साहेबांना आशीर्वाद दे.

"हेबी ठोकच. आशीर्वाद म्हंजे कायचा? किती? कुठी लागते त्याले?"

"मला सुचत नाही, मामाजी."

"काऊन नाई सुचत? त्याची नक्कल करून राह्यला होता तवा तं लय सुचत होतं. मान कोणीकडं वाकते, हात कसे करते, सारं दिसलं तुले. ते डोये आज घरी ठेवून आला काय?"

मी चिडून डोळे मिटले. साहेबाला समोर उभं केलं, नकलेसाठी करायचो तसंच. आणि मला त्याचे हात दिसले. वाक्यात ळ येणार असला की दोन शब्द आधीच साहेब व्यासपीठाची कड दोन्ही मुठींनी घट्ट धरायचा. ती मूठ माझ्या नकलेत होतीच. तिच्यावर हमखास हशा यायचा. पण हसणारं कुणी समोर नसताना, तुरीच्या पोत्याला पाठ टेकून पाहिली, तेव्हा कळलं की तो माणूस भीत होता. दर रविवारी, सगळ्यांसमोर, एका अक्षराला. मी म्हणालो, "प्रभो, साहेबाच्या जिभेला ळ दे."

मी डोळे उघडले. पाहतो तो तुम्ही नाक दाबून हसता आहात, डोळ्यांतून पाणी, तपकिरीने की कशाने कोण जाणे. "आमेन," तुम्ही म्हणालात. "पण लेका, देवानं हे अक्षर वाटाले काढलं तं अर्धं वऱ्हाड लाइनीत उभं राहीन. मले तरी कुठी येते? तो म्हणते पालक, आपून म्हणतो पायक. पुस्तकातल्यावानी म्हणणारा साऱ्या मंडयीत तू एकटाच. अन् तुह्या मांगं तं कोणी चालत नाई."

मला आयुष्यात पुष्कळ टोले बसले आहेत, बहुतेक मीच आधी मारलेल्यांची परतफेड म्हणून. पण त्या शेवटच्या वाक्याइतका नेमका एकही नाही. घरी जाताना मी तो शब्द तोंडात घोळवत होतो. पायक. पायी धावणारा चाकर, निरोप्या. पुस्तकाने मेंढरं राखणारा म्हटलं, साहेबाने भाजी केली आणि आपल्या अडाणी जिभेने त्याला धन्याचा चाकर करून टाकलं. तिघांत खरा अर्थ कुणाचा ते पंडितांनी ठरवावं. मला दुकानातला पटला.

त्यानंतर दर सोमवारी एक माणूस. तुम्ही नाव सांगायचं, मी डोळे मिटून त्याची नक्कल मनात उभी करायची आणि जिथे हसू येतं तिथे थांबून पाहायचं की आत काय आहे. उपासनेत गीत उचलणारे भाऊ, तेही वडिलांतलेच, सगळ्यांच्या आधी सुरू करायचे आणि सगळ्यांच्या नंतर थांबायचे. मी मागितलं की त्यांना घरी तरी कुणी बोलू देवो. खजिनदार दर वाक्याला "मी म्हणतो" म्हणायचे, मी मागितलं की एकदा तरी कुणी त्यांना "तुम्ही काय म्हणता?" असं विचारो. कधी मधेच मला स्वतःलाच हसू फुटायचं. तुम्ही चालवून घ्यायचात. फक्त एकदा मी एक वाक्य जरा जास्तच घासूनपुसून म्हटलं, तेव्हा तुम्ही तराजूच्या दांडीवर बोट आपटलंत. "हसू आलं तं येऊ दे. हसवाच्या पाई मांगू नको. देव काही तुह्या मागच्या बाकावर बसून नाई राह्यला."

मग तुम्ही मला न विचारता साहेबाला जाऊन सांगितलंत की हा मास्तर तुम्हाला ळ शिकवेल. ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, उन्हं तापायला लागलेली, आणि बंगल्याच्या व्हरांड्यात साहेब दाढीचा आरसा हातात घेऊन स्वतःची जीभ पाहतो आहे. "टाळ, बाळ, केळं," मी म्हणतो. "टाल, बाल, केलं," साहेब म्हणतो. पुन्हा. पुन्हा. शेवटी त्याने आरसा खाली ठेवला आणि त्या छापील मराठीत म्हणाला, "मास्तर, मजला ठाऊक आहे. मी भाजी आहे." मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. तो मात्र शांतपणे पुढे म्हणाला, "लहानपणी आई ही भाजी वाढीत असे आणि मी ती ताटाखाली लपवीत असे. देव विसरत नाही." आणि हसला. माझ्या नकलेपेक्षा त्याचा विनोद सरस होता, हे मला त्याच क्षणी कळलं आणि फारसं झोंबलंही नाही. "माफ करा, साहेब," हे शब्द कधी बाहेर पडले ते मला समजलं नाही. त्याने नुसता आरसा उचलला. "पुनः टाल म्हणा," म्हणाला. ळ त्याला कधीच आला नाही, मामाजी. इतके सोमवार मागूनही नाही.

ईस्टरच्या आधी वडील मंडळी पुन्हा बसली. मला बाहेर थांबवायचं होतं, तुम्ही आत घेतलंत. खजिनदारांनी विचारलं, "मी म्हणतो, साऱ्यांसमोर माफी मागितली काय यानं?" साहेब काही बोलणार तोच तुम्ही हात आडवा केलात.

"माफीचं तुमी पाहा. मले एवढंच माहीत की यानं अथी बसलेल्या एकेका वडिलासाठी नाव घेऊन प्रार्थना केली हाये. चिल्लर."

"चिल्लर म्हंजे?"

"म्हंजे कोणाचं कुठी अडते, कोणाले काय कमी हाये, सारं. लय बारीक नजर हाये पोट्ट्याची." तुम्ही सावकाश सगळ्यांकडे एकदा पाहिलंत. "खजिनदार, तुमच्यासाठी काय मांगलं ते सांगू काय?"

"नको, नको!" खजिनदार म्हणाले. "मी म्हणतो, प्रार्थना हे ज्याचं त्याचं न् देवाचं."

गीतवाले भाऊ घाईने म्हणाले, "आपलंबी कायले काढता उगाच?" अर्ध्या डझन बापांचे चेहरे मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येकाला आपलं काय दिसलं असेल याची धास्ती, आणि शेजाऱ्याचं ऐकायची थोडी हावही. मेजावरची माझी जागा एकमताने परत मिळाली, चर्चेविना. साहेब कागदात डोकं घालून बसला होता, पण त्याचे कान पुन्हा लाल झाले होते, आणि या खेपेला ते हसू दाबल्यामुळे.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खरंच सांगितलं असतं, मामाजी?"

"मले कुठी याद राह्यते बे? तू डोये मिटून बसला की मी तं वाणसामानाची जुयवाजुयव करून राह्यलो होतो."

हे तुमचं वाक्य मी बरीच वर्षं खरं धरलं. पुढे गीतवाल्या भाऊंच्या बायकोने एकदा सहज सांगितलं की एका सोमवारी तुम्ही दुपारीच त्यांच्या ओसरीवर येऊन बसलात आणि दिवेलागणीपर्यंत भाऊंना बोलू दिलंत, मधे एक शब्द न बोलता. तुम्ही, मामाजी! जे दुकानात गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं होऊ देत नव्हतात. मग मी आणखी चार घरी आडून आडून विचारलं. कुठे साबुदाण्याची पुडी गेलेली, कुठे नुसता निरोप, कुठे भांडण मिटवून आलेलात. दुकान अर्धं बंद ठेवून तुम्ही माझ्या प्रार्थना घरपोच करत होतात.

माझी चिखलीला बदली झाली तेव्हा तुम्ही मला वेलदोड्यांची पुडी दिलीत. "बोलाच्या आधी एक तोंडात टाक," म्हणालात, "अन् संपेपर्यंत बोलू नको." मी चावून खाल्ले, लौकर संपावेत म्हणून. वर्षभराने निरोप आला आणि सर्व्हिस मोटारीने धूळ खात मी तुमच्या मातीला पोचलो. कबरीपाशी साहेब उभा होता, तोही म्हातारा झाला होता. त्याने तुमच्याकडे हात करून म्हटलं, "हा मनुष्य आपणा सर्वांचा पालक होता." कुणी हसलं नाही. मी तर हसायला हवं होतं, तो माझा शब्द. पण त्याचा ळ पुन्हा चुकला होता हे माझ्या ध्यानात आलं ते दुसऱ्या दिवशी, परतीच्या मोटारीत.

आता परवाचं. इथल्या मिशन दवाखान्यात एक तरुण कंपाउंडर आहे. पुरुषमंडळाच्या जेवणात त्याने माझी नक्कल केली. मी चष्मा काढतो, काच पुसतो, काहीतरी बोचरं बोलतो आणि मग हशा आला की नाही ते पाहायला चष्मा पुन्हा घालतो, म्हणे. मला हे ठाऊकच नव्हतं. लोक ताटावरून कलंडत होते. नक्कल उत्तम होती, हात थोडे सैल पडले एवढंच. वडील मंडळी गंभीर चेहऱ्यांनी माझ्याकडे आली आणि म्हणाली, या पोराला कुणीतरी जाणत्या माणसाच्या जोडीला द्यायला हवं, तुम्हीच घ्या. दहा वर्षं हे काम मी टाळत आलो आहे. लेखाचं कारण सांगायचो, शाळेचं सांगायचो. खरं कारण हे की तुम्ही जे करायचात त्यातलं निम्मं दुकानाच्या फळ्या ओढून रस्त्यावर उतरण्यात होतं, आणि मला खुर्ची आवडते. पण या खेपेला मी हो म्हणालो. इतकी चांगली नक्कल वाया जाऊ देणं माझ्याच्याने होईना.

तो शाळेत आला, बाकावर बसला आणि त्याने सुरुवात केली ती थेट अखिल जगतापासून. मी तुमचं वाक्य म्हटलं. त्याने विचारलं, "चिल्लर म्हंजे कसं, सर?" मी म्हणालो, एक माणूस घे, ज्याची नक्कल पाठ आहे असा. त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "प्रभो, आमच्या सरांले, कोणी हसलं नाई त्या दिवशीबी, चांगली झोप येऊ दे."

मामाजी, मी चष्मा काढला, काच पुसली आणि आमेन म्हणालो. तुम्हाला कधी विचारायचं सुचलं नाही, माझ्या त्या सगळ्या सोमवारांत तुमचं नाव मी एकदाही घेतलं नाही याचं तुम्हाला काही वाटलं का? तुम्हीही कधी सांगितलं नाही. तुम्हाला कशाची गरज असेल हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या रात्री झोप बरी लागली. कुणी हसलं नव्हतं.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, त्याचं कारण सांगून थांबतो. आपल्या मंडळीत मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. तसा नियमच आहे, आणि इथल्या वडिलांना तो तोंडपाठ आहे. गेली काही वर्षं सोमवारी मी तुमचं नाव घेतो. मागत काही नाही. तुम्हाला तिथे काय कमी असणार? नुसती खबर सांगतो, कोण कसं आहे, कुणाचं कुठे अडलं आहे, बारीकसारीक. आजची जरा लांबली, म्हणून लिहून काढली. शेवटी आमेन लिहीत नाही. लिहिलं की ही प्रार्थना ठरेल आणि मला पुन्हा वडिलांपुढे उभं राहावं लागेल, आणि आता माझ्या बाजूने उठणारं तिथे कुणी नाही. मनात म्हणालो असेन, तर ते माझ्या नावावर धरू नका.